भार ओढताना पंखा घोंगावतो तेव्हा

२०२३-२४ च्या गळीत हंगामातली गोष्ट. जानेवारी महिना. तोडी जोरात चालू होत्या आणि कारखान्याच्या गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागलेली. अशा वेळी आमच्या भागातल्या दोघा भावांचा ट्रॅक्टर ऐन रस्त्यात बसला. गिअरबॉक्स गेला. थोरल्याला गावात सगळे तात्या म्हणतात, धाकट्याला बापू. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या त्यांच्या पहिल्यापासूनच. शिवाय त्याच दिवाळीला त्यांनी एक जुना सहाचाकी ट्रक घेतला होता. ट्रॉल्या रस्त्याकडेला सोडल्या, ट्रॅक्टरला लोखंडी दांडी लावली आणि ट्रकने टोचन करून तो तालुक्याच्या गॅरेजकडे न्यायला निघाले.

वाटेत तीनेक किलोमीटरचा सलग चढ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने ट्रक चढत होता. अर्ध्या चढावर बॉनेटखालून मोठा घोंगावणारा आवाज सुरू झाला. बापू सांगत होता, “साहेब, विमान उडाल्यागत आवाज. मला वाटलं इंजिन फाटतंय.” त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवले. दोन-तीन मिनिटांत आवाज आपोआप बसला. पुन्हा निघाले, पुन्हा चढावर तोच आवाज. ट्रॅक्टर कसाबसा गॅरेजला पोचला, पण आता ट्रकचीच धास्ती बसली.

तात्यांनी मला फोन केला. “तुम्ही शेतकीचा डिप्लोमा केलाय, यंत्रातलं थोडंफार कळतं. जरा येऊन बघा की.” मी गेलो. उभ्या गाडीचे इंजिन चालू करून पाहिले तर काहीच आवाज नाही. तरी मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले, “वॉटर पंपाची बेअरिंग वाजत असणार. वेळीच बदला, नाही तर हंगामात दगा देईल.”

इथे माझे चुकले. पंप खोलला. नवीन पंप शहरातून यायला दोन दिवस गेले. तोपर्यंत टोळीने तोडलेला ऊस फडात पडून राहिला. ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आणि ट्रक मिस्त्रीच्या दारात. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, हे गावोगावच्या बैठकांत सांगत फिरणारा मीच. ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते, आतल्या साखरेचे विघटन सुरू होऊन उतारा पडतो. वजनातली घट शेतकऱ्याच्या बिलात दिसते. टोळी बसून राहते ती वेगळीच. तिसऱ्या दिवशी नवा पंप बसवून, ऊस भरून, बापूने खात्री करायला म्हणून भर दुपारी ट्रक त्याच चढावर घातला. आवाज पुन्हा तसाच!

शेवटी गावातल्याच एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. एस.टी.च्या कार्यशाळेत उमर घालवून ते निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेट उघडले, गाडी बंद असताना पंखा हाताने फिरवून पाहिला, पुढून-मागून हलवून पाहिला आणि म्हणाले, “पंख्याला काही झालेलं नाही. त्याला आत्ता कुठं काम लागलं, एवढंच. तुम्ही चांगला पंप काढून ठेवलात.”

त्यांनी पुढे जे समजावले, ते जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला, पिकअपवाल्याला आणि ग्रामपंचायतीच्या टँकरवरच्या चालकाला ठाऊक असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

इंजिनाला वारा कशासाठी?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा थोडा जास्त भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे बाहेर जाते, नाही तर इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे तापलेले पाणी रेडिएटरच्या नळ्यांतून जाते, नळ्यांमधून वारा वाहतो आणि पाणी थंड होऊन परत इंजिनात येते. वारा थांबला की हे सगळे चक्र अडते.

गाडी सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने धावत असेल तर समोरून येणारा वाराच बरेच काम करतो. चढावर भार ओढताना मात्र उलटे होते. इंजिन पूर्ण ताकद लावत असते, म्हणजे उष्णता भरपूर. आणि गाडी मात्र ताशी १०-१५ किलोमीटरने सरकत असते, म्हणजे समोरचा वारा नाहीच. अशा वेळी सगळा भार पंख्यावर येतो. टोचन करणे, भरलेली ट्रॉली ओढणे, ओल्या रानातून गाडी बाहेर काढणे, घाट चढणे ही सारी कामे याच प्रकारात मोडतात.

हातात हात धरलेला पंखा

आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर चालतो आणि इंजिनाशी कायमचा बांधलेला असतो. इंजिन जितके फिरेल तितका तो फिरणार. पहाटेची थंडी असो की वैशाखाचे ऊन, त्याला फरक नाही. त्याचा आवाज आपल्या कानात बसलेला असतो, म्हणून तो वेगळा ऐकूच येत नाही.

बहुतेक ट्रकना आणि अनेक डिझेल पिकअप, जीपना वेगळी व्यवस्था असते. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये एक गोल डबी बसवलेली असते. तिला व्हिस्कस क्लच म्हणतात. डबीत सिलिकॉनचे घट्ट तेल असते. डबीच्या तोंडावर दोन धातूंची मिळून केलेली एक पट्टी किंवा स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारा वारा गरम झाला की ही पट्टी वाकते आणि आतली झडप उघडते. तेल आतल्या चकत्यांच्या फटीत शिरते आणि इंजिनाची गती पंख्याला धरते. मिस्त्रींच्या शब्दांत, “थंडीत हात सैल, उन्हात हात घट्ट.” वारा गार झाला की झडप मिटते, तेल माघारी जाते आणि पंखा पुन्हा सैल पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पंखा फुकट फिरत नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला की तो फिरवायला जवळजवळ आठपट ताकद लागते, आणि ती ताकद डिझेलमधूनच येते. गरज नसताना पंखा सैल ठेवला तर डिझेल वाचते, आवाजही कमी होतो. म्हणूनच हा पंखा एरवी गुमान असतो आणि भार पडला की एकदम घोंगावतो. ज्याने कधी ऐकला नाही त्याला भीती वाटणे साहजिक आहे.

बापूने दिवाळीला ट्रक घेतला, तेव्हापासून थंडीच. कारखान्याचा रस्ता सपाट, त्यात बहुतेक खेपा रात्रीच्या आणि पहाटेच्या. पंखा पुरता घट्ट धरायची वेळच आली नव्हती. ती वेळ टोचन करताना, भर उन्हात, चढावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी आम्हाला दोन गोष्टी करून दाखवल्या. रात्रभर उभा असलेला ट्रक चालू करून त्यांनी थोडा वेग दिला. थंड इंजिन, तरी तोच घोंगावा! मिनिट-दीड मिनिटात तो विरला. रात्रभर गाडी उभी राहिली की आतले तेल उतरून चकत्यांत साचते, म्हणून पहिली काही क्षणे पंखा धरलेला राहतो. यात काळजीचे काही नाही. मग इंजिन गरम झाल्यावर त्यांनी रेडिएटरपुढे जाळीच्या बाहेरून पुठ्ठा धरला आणि बापूला वेग देऊन काट्यावर डोळा ठेवायला सांगितले. काटा थोडा सरकला आणि पंखा गरजला. पुठ्ठा काढला, थोड्या वेळात आवाज बसला. हा प्रयोग जाणत्या माणसाने, काट्यावर लक्ष ठेवूनच करायचा असतो. हौसेने करू नये.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांपैकी अनेकांत हीच डबी विजेच्या इशाऱ्यावर चालते. पाण्याचे तापमान, एअर कंडिशनर अशा गोष्टी पाहून गाडीतला संगणक पंख्याला हुकूम देतो. अशा गाडीचा पंखा कधी कधी आपल्याला कारण न दिसताही घोंगावतो. लहान गाड्यांत विजेवर चालणारा वेगळा पंखाही असतो. पद्धत निराळी, पण हेतू तोच.

साधा आवाज कोणता, घातक कोणता?

नुसत्या आवाजावरून निदान करायला गेलो म्हणून मी फसलो. आवाज, काटा आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. आवाज कधी सुरू झाला, तेव्हा काटा कुठे होता, आणि भार कमी झाल्यावर आवाज बसला का?

भार ओढताना, चढावर, उन्हात वाऱ्यासारखा भरघोस आवाज सुरू झाला, इंजिनाच्या वेगाबरोबर तो वर-खाली झाला, काटा मध्याच्या थोडा वर जाऊन तिथेच थांबला किंवा खाली आला, आणि सपाटीला लागल्यावर काही मिनिटांत आवाज गेला, तर पंखा आपले काम चोख करत आहे. त्याला हात लावू नका.

आवाज सकाळी सुरू झाला तो दिवसभर थांबतच नाही, रिकाम्या गाडीतही, गार हवेतही तसाच राहतो, गाडी ओढायला जड वाटते आणि डिझेल जास्त लागते, तर डबी आतून जाम झाली असे समजावे. गाडी तापणार नाही, पण पट्ट्यावर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर नाहक ताण येत राहील.

काटा चढत चालला आणि पंख्याचा घोंगावा मात्र येतच नाही, हे सर्वांत वाईट. ज्या गाडीचा पंखा पूर्वी चढावर गरजत होता आणि आता गप्प आहे, तिच्या मालकाने खूश होऊ नये. डबीतले तेल गळून गेलेले असू शकते. डबीच्या मधोमध निघून बाहेरच्या बाजूला गेलेले तेलकट, धूळ धरलेले पट्टे दिसले तर ही खूण पक्की समजा. गाडी गरम असताना बंद करून, किल्ली काढून घेऊन पंखा हाताने फिरवा. हाताला चिकट अडथळा लागला पाहिजे. सायकलच्या चाकासारखा तो गरागरा फिरत राहिला तर डबी निकामी झाली.

किंचाळल्यासारखा बारीक आवाज वेग देताना येत असेल तर बहुधा पट्टा सैल आहे किंवा तो झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. घरघर किंवा खरखर असा दळल्यासारखा आवाज भार नसतानाही, उभ्या गाडीतही येत असेल तर वॉटर पंपाची किंवा डबीची बेअरिंग पाहा. पंपाखाली एक बारीक भोक असते. तिथून पाणी ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले आहे. तात्यांच्या ट्रकात यातले एकही लक्षण नव्हते. मी पंपाखाली वाकून पाहिले असते तरी दोन दिवस वाचले असते.

ओढ घेताना मात्र ‘खर्र खर्र’ घासल्याचा आवाज आला तर इंजिनाचे रबरी फाउंडेशन तपासा. भार पडला की इंजिन थोडे कलते. रबर दबलेले असेल तर ते जास्त कलते आणि पंख्याची पाती भोवतीच्या घेराला घासतात. उभ्या गाडीत हा आवाज कधीच सापडत नाही. शिळ घातल्यासारखा बारीक, उंच आवाज ओढ घेतानाच येत असेल तर तो बहुधा टर्बोचा असतो. पंख्याच्या घोंगाव्याशी त्याची गल्लत करू नये.

आवाज बंद करण्याचे उद्योग

अनोळखी आवाजाला घाबरून किंवा डिझेल वाचवण्याच्या नादाने लोक काय काय करतात, ते गेल्या काही वर्षांत मी पाहिले आहे.

शेजारच्या तालुक्यात एका पिकअपवाल्याने हिवाळ्यात पंख्याची पातीच उतरवून ठेवली. आवाज गेला, गाडी हलकी पळू लागली, चार महिने मजेत गेले. एप्रिलमध्ये खताची पोती भरून चढ चढताना पाणी उकळले आणि हेड गॅस्केट गेले. हेड वाकडे झाले म्हणून ते खराद्याकडे गेले. जेवढे डिझेल वाचले असेल त्याच्या कितीतरी पट एका दुपारी गेले. वर गिऱ्हाइकाची पोती रस्त्यात.

दुसरा उद्योग म्हणजे डबी कामातून गेली की नवी घेण्याऐवजी बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा कायमचा घट्ट बांधणे. अडीनडीला, गाव गाठण्यापुरते हे चालून जाते. कायमचे ठेवले तर डिझेल जाते, पट्टे तुटतात आणि तोल बिघडला तर एखादे पाते तुटून रेडिएटरमध्ये घुसण्याचा धोका असतो.

तिसरा, थर्मोस्टॅट काढून टाकणे. “गाडी तापते, काढ तो व्हॉल्व्ह,” असे सर्रास सांगितले जाते. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला लवकर येत नाही. डिझेल नीट जळत नाही आणि आतले भाग लवकर झिजतात. मूळ दोष तसाच राहतो.

चौथा, रेडिएटर आणि पंख्यामधला प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा गोल घेर काढून टाकणे. तुटला म्हणून काढला, पुन्हा बसवलाच नाही, अशा कितीतरी गाड्या आहेत. हा घेर नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचाच वारा घुसळत बसतो.

ट्रॅक्टरचा खरा शत्रू

दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला व्हिस्कस क्लच नसेलही, पण चढावर तापण्याचा धोका त्याला जास्तच. त्याचे पहिले कारण पंखा नसून पाचट असते. उसाच्या फडातली पाचटाची कुसे, मळणीचा भुसा, धूळ हे सगळे पुढच्या जाळीवर आणि रेडिएटरच्या पापुद्र्यांत जाऊन बसते. त्यात डिझेल किंवा तेल गळत असेल तर त्याचा लगदा होतो. पंखा जोरात फिरतो, आवाज नेहमीपेक्षा कोंडल्यासारखा येतो, पण वारा आत येतच नाही.

साफ करण्याचीही रीत आहे. पंखा वारा पुढून मागे ओढतो, म्हणून हवा किंवा पाणी मागून पुढे, म्हणजे पंख्याच्या बाजूने बाहेर मारायचे. पुढून जोरात पाइप मारला तर कचरा अधिक आत ठासला जातो. दाब बेताचा ठेवा. सर्व्हिसिंग सेंटरची तोफ जवळ धरली तर ॲल्युमिनिअमचे पापुद्रे आडवे होतात. टर्बो गाडीला रेडिएटरपुढे इंटरकूलर असतो. या दोघांच्या फटीत भुसा साचतो तो वरून दिसत नाही. बॅटरी लावून पाहावे लागते. हंगामात बाहेरची जाळी रोज झाडावी आणि आतली सफाई आठवड्यातून एकदा करावी.

दुसरे कारण पाणी. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिले की आत क्षार धरतात. चुलीवरच्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणातच भरावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर आणि स्प्रिंगही पाहावे. झाकण आतला दाब धरून ठेवते आणि दाबामुळे पाणी लवकर उकळत नाही. हलके झाकण लावले की चांगले इंजिनही चढावर उकळ्या मारते.

काटा वर चढलाच तर

चढावर काटा वर सरकू लागला तर ॲक्सिलरेटर दाबून धरू नका. वेळीच खालचा गिअर घ्या. इंजिन थोडे जास्त फिरले की वॉटर पंप आणि पंखा दोन्ही जोरात चालतात आणि इंजिनावरची ओढ कमी होते. वरच्या गिअरमध्ये रडत-कुंथत गाडी चढवणे हे तापण्याला आमंत्रण आहे. एअर कंडिशनर असेल तर बंद करा.

तरीही काटा तांबड्याकडे निघाला तर सुरक्षित जागा पाहून थांबा. भरलेल्या गाडीला दगड किंवा लाकडी ओट लावा. ट्रॉलीच्या चाकांनाही लावा. पाणी गळत नसेल आणि पट्टा शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे संथ चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता बाहेर पडेल. टर्बोलाही ते मानवते. पाणी वाहून गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. वाफेने तोंड भाजलेली माणसे आपल्याला ठाऊक आहेत. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. अर्धा तास जाऊ द्या, झाकणावर जाड कापड टाकून हळूहळू सैल करा, मग इंजिन चालू ठेवून थोडे थोडे पाणी घाला.

टोचन करताना आणखी काळजी हवी. दोरापेक्षा लोखंडी दांडी बरी. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीवर जाणता माणूस हवा, मागे तांबडे फडके आणि रात्री दिवा हवा. जवळच्या गॅरेजपर्यंतच टोचन करावे आणि तेही सावकाश. ट्रॉलीची गोष्ट वेगळी. कायद्याने ट्रॉलीही वाहनच आहे, तिची नोंदणी आणि विमा असलाच पाहिजे.

हंगामापूर्वी एक तास

कारखान्याची पहिली चिठ्ठी यायच्या आधी एक तास काढला तर पुढचे पाच महिने निर्धास्त जातात. गाडी गार असताना, बंद करून, किल्ली खिशात घालून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. साधारण बोटाच्या जाडीइतका दबला पाहिजे. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. भेगा, सुटलेले धागे दिसले तर बदला. जुना बरा असेल तर तो फेकू नका, गाडीतच ठेवा.

२) पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवा. लटपटला तर बेअरिंग संपत आली आहे.

३) पात्यांना तडा, चीर, मोडलेले टोक आहे का ते पाहा. तुटके पाते चिकटवून चालवू नका.

४) व्हिस्कस डबीवर तेलाचे ओघळ आहेत का पाहा.

५) जाळी, इंटरकूलर, रेडिएटर मागून पुढे स्वच्छ करा.

६) पाण्याचे पाइप दाबून पाहा. फुगलेला, भेगाळलेला किंवा अगदी मऊ पडलेला पाइप बदला.

७) तापमानाचा काटा चालू आहे ना? अनेक जुन्या ट्रॅक्टरांचा काटा वर्षानुवर्षे एकाच जागी असतो. काटा बंद असेल तर वरच्या आवाजांच्या खुणा निम्म्याच उपयोगाच्या.

चालू पंख्याजवळ उपरणे, मफलर, साडीचा पदर, सैल बाही नेऊ नका. विजेवरचा पंखा गाडी बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, हे मुलाबाळांना सांगून ठेवा.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, घंटागाडी यांच्या लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल लिहिले जाते. त्यात एक रकाना वाढवावा: काटा कुठवर गेला, पंख्याचा आवाज नेहमीसारखा होता का. चालक बदलला तरी गाडीची सवय कागदावर राहते. उन्हाळ्यात टंचाईच्या गावी टँकर दिवसभर भरून चढ-उतार करतो. तो एक दिवस बंद पडला तर वाडी-वस्तीवर हंडे रिकामे राहतात. तेव्हा त्याची तपासणी फेब्रुवारीतच उरकावी.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी मनावर घेतले तर हंगामापूर्वी गावात एक दिवस तपासणी ठेवता येईल. कारखान्याचा शेती विभाग, गावचे मिस्त्री आणि वाहनमालक एकत्र आले तर खर्च फारसा नाही. एस.टी., लष्कर किंवा वाहतूक कंपन्यांतून निवृत्त झालेले मेकॅनिक बहुतेक मोठ्या गावांत एखादा-दुसरा असतोच. त्यांचे कान म्हणजे गावची ठेव आहे. आपण ती वापरत नाही.

आणि एक सूचना चालकांना. जुनी गाडी घेताना तिची फेरी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर मारू नका. शक्य असेल तर थोडा भार घालून दुपारी एखाद्या चढावर न्या. त्या गाडीचा पंखा केव्हा बोलतो, किती वेळ बोलतो, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. त्यामुळे नंतर तो बोलला तर तुम्ही दचकणार नाही, आणि बोलला नाही तर तुमच्या लक्षात येईल.

तात्यांचा काढलेला जुना पंप अजून त्यांच्या सोप्यात खिडकीत ठेवलेला आहे. तो चांगलाच आहे. मी घरी गेलो की चहा येईपर्यंत माझी नजर तिकडे जाते. तात्या कधी टोमणा मारत नाहीत. एकदाच म्हणाले, “साहेब, पिकावर रोग पडला तर तुम्ही आधी पान उलटून बघता, मग औषध सांगता. गाडीचंही तसंच करायचं बघा.” त्या दिवसापासून कोणी गाडीचा आवाज सांगितला, की मी आधी काटा किती होता ते विचारतो.

(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहेत.)